परतीची तार

दादा वायरमनला मारत होता तेव्हा वायरमनचे हात मी मागे धरले होते. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला गेलं की माणूस स्वतःची बाजू रंगवून सांगतो, आणि रंगवण्यानं काय होतं ते मला आता पुरतं कळलंय.

वायरमनचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. पुढे एक जाड लाकडी बाक, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना तारांची वेटोळी. शुक्रवारची सकाळ होती. तीन दिवस सुटलेला वारा थांबायचं नाव घेत नव्हता, कापणी झालेल्या रानातली माती उडून रस्त्यावर येत होती. शेजारचा पंक्चरवाला तोंडाला फडकं बांधून ट्यूब घासत बसला होता. आमचा ट्रॅक्टर थांबला, दादा उडी मारून उतरला, आणि त्याची चाल बघूनच पंक्चरवाल्यानं ट्यूब खाली ठेवली.

"काय जोडलंस तू माझ्या ट्रॉलीला?" दादानं जाता जाताच वायरमनच्या कानाखाली जाळ काढला. "उजवीकडं वळतोय म्हणून दिवा दिला, तर दोन्हीकडं मिचमिच! ब्रेक दाबला की जे काय लागलंय तेही विझतंय! काल मागून टेम्पो आला, ह्या इथून गेला माझ्या. इथून!" त्यानं स्वतःच्या मांडीवर हात मारला.

वायरमन बारीक चणीचा माणूस, चष्म्याला दोरी बांधलेला. चष्मा बाकाखाली गेला. तो उचलायला वाकला तर दादानं गुडघा वर घेतला, आणि नाकातून रक्ताची धार लागली. "धर रे ह्याला," दादा मला म्हणाला. मी धरला. दादानं सांगितलं की मी करायचो. लहानपणापासून तसंच होतं, आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते बदलावं असं मला काही वाटलं नव्हतं.

"सोमवारी मी दिली तेव्हा सगळं चालू होतं," वायरमन धापा टाकत म्हणाला. "तूच ब्रेक दाबलास, मीच मागं उभा होतो. आठव की! मधे कुणी हात लावलाय का, ते आधी घरी विचार."

दादा थांबला. तेवढा तो न्यायी होता, हे सांगायला पाहिजे. त्यानं वायरमनच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "लावलास का रे हात?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंच नाही. तारांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण त्या एका शब्दानंतर जे झालं ते झालं. दादानं वायरमनचा उजवा हात माझ्याकडून ओढून घेतला, बाकावर आपटून दाबला आणि तिथलाच मोठा पाना उचलला. पहिला घाव बाकावर बसला. दुसरा बोटांवर बसला. आवाज आला. मी दुसरा हात सोडला, पण आवाज आल्यावर सोडला.

वायरमन ओरडला नाही. तोंड उघडून नुसता श्वास घेत राहिला, जसा काही आवाज कुठे ठेवलाय ते विसरला होता.

"रविवारी दिवस बुडायच्या आत माझे दिवे लागले पाहिजेत," दादा म्हणाला. "सोमवारी माल भरायचाय. नाही लागले तर दुसरा हातही इथंच ठेवायचा. ह्याच बाकावर."

"एका हातानं कसं करू मी?"

"तोंडानं कर."

परत येताना दादानं वाटेत पंपाजवळ ट्रॅक्टर थांबवला आणि हात धुतले. रक्त एवढंसंच होतं, पण तो धूतच राहिला. कोपरापर्यंत धुतले, मग पुन्हा तळवे. मी ट्रॉलीच्या दांडीवर बसून बघत होतो. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आल्यावर त्यानं एक ढेकूळ उचलून माझ्या दिशेनं भिरकावलं.

दादाचं डोकं दिव्यांवरून का फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत, तिन्हीसांजेला, भरावावरच्या रस्त्यावर ट्रॉलीला मागून ट्रक धडकला. ट्रॉलीला दिवे नव्हते. मागच्या फळीला टेकून, पोत्यांवर आमचे वडील, अण्णा, बसले होते. ट्रॅक्टर दादा चालवत होता. अण्णा दोन महिने मागे लागले होते की दिवे करून घे, आणि दादा म्हणायचा, "आपलं काम दिवसाचं, दिवे कुणाला दाखवायचेत?" त्या दिवशी अण्णा गेले ते गेलेच. वर्षभर ट्रॉली गोठ्यामागे गवतात पडली होती. ह्या सुगीला काढायचं ठरलं, तेव्हा दादानं टायर बघितले नाहीत, तळ बघितला नाही, सगळ्यात आधी वायरमनला बोलावलं. आता ते दिवेच दगा देत होते, आणि दादाला कुणीतरी गळा धरायला हवा होता. स्वतःचा धरता येत नाही ना.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली. वायरमननं डॉक्टरला सांगितलं की जॅक सटकून हातावर आला. खरं सांगितलं असतं तर दुसरा हात रविवारपर्यंतही राहिला नसता, असा त्याचा हिशेब. मी फोन करून दुसऱ्या दोघा वायरमनना विचारलं. एकानं ऐकूनच ठेवून दिला. दुसरा म्हणाला, "तुमच्याकडं यायचं तर आधी हात घरी ठेवून यावं लागेल." तो हसला. मला हसू आलं नाही.

रात्रभर मी कुशी बदलत होतो. डोळे मिटले की तो बाकावरचा हात दिसायचा. वायरमन एका हातानं काही करू शकणार नव्हता, दुसरा कुणी येणार नव्हता, आणि दादा बोलला की करतो. म्हणजे रविवारी दिवस बुडायच्या आत ते दिवे मलाच लावायचे होते. आणि मला दिव्यातलं काय येत होतं? बटण दाबलं की लागतो, एवढंच.

शनिवारी सकाळी पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, पण त्याच्याकडचा तपासायचा दिवा दिला. तपासायचा दिवा म्हणजे एक बारका बल्ब, त्याला दोन तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला सुई.

"चिमटा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला लाव, आणि सुई टोच जिथं वीज आली का बघायचं तिथं," तो म्हणाला. "आली असली की बल्ब लागंल. नाही आली की नाही लागणार. जास्त शहाणपणा करू नको." मग ट्यूब पाण्यात बुडवत खाली बघूनच म्हणाला, "धरायला नको होतास तू त्याला."

दादा रानात गेला होता. मी ट्रॅक्टर अंगणात उभा केला, ट्रॉलीच्या तारांचा प्लग त्याच्या मागच्या खोबणीत बसवला आणि कामाला लागलो. शिकाऊ माणूस जे करतो ते सगळं केलं. आधी बल्ब बदलले, चारही. नवे बल्बही तसेच मिचमिचायला लागले. मग सुई टोचताना हात घसरला, दोन पत्र्यांना एकदमच लागली, ठिणगी उडाली आणि ट्रॅक्टरचे पुढचे दिवेही गेले. अर्धा तास मी डोकं धरून बसलो, तेव्हा फ्यूज उडालाय हे कळलं. फ्यूज बदलला. मग मनात आलं, वायरमननं तारा नीट जोडल्याच नसतील. खरं सांगायचं तर तसंच निघावं अशी माझी इच्छा होती. त्याची चूक निघाली असती तर मला रात्री झोप लागली असती.

ट्रॉलीखाली पाठीवर झोपून मी त्याचा एकेक सांधा सोडला. वरची काळी पट्टी उलगडायची, आत बघायचं. प्रत्येक सांधा साफ होता. तार सोलून, पीळ घट्ट भरून, वर नळी चढवून, मग पट्टी, आणि पट्टीचं टोक चिकटून राहावं म्हणून त्यावर दोऱ्याची गाठ. अकरा सांधे सोडले, अकराही तसेच. आमच्या ट्रॉलीखाली, जिथं कुणी कधी वाकून बघणार नाही तिथं, त्या माणसानं अकरा वेळा दोऱ्याची गाठ मारली होती. मातीत पडल्या पडल्या मला स्वतःची एवढी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यात वरची माती पडली.

मग सुई दिव्यांपाशी नेली. तिथं तपासायचा बल्ब झकास लागला. म्हणजे वीज येत होती. वीज येतेय, बल्ब नवा आहे, तारा चांगल्या आहेत, आणि दिवा लागत नाही! मी पाना फेकून दिला. तो जाऊन कोंबड्यांत पडला.

"मागं बघायला कुणी लागतं का?"

आई दारात उभी होती. वर्षभर ती ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आली नव्हती. पाणी आणायला जायची तर गोठ्याला वळसा घालून जायची.

"लागतं," मी म्हणालो. "मी ब्रेक दाबतो, काय लागतं ते तू सांग."

ती हळूहळू मागे गेली. मग म्हणाली, "निळी केलीस."

"तूच म्हणाली होतीस ना. ती फळी तशीच डोळ्यांसमोर नको म्हणून."

फळीला जिथं ट्रक बसला होता तिथं खोल पोचा होता, आणि कडेला गंजासारखा एक डाग. तो गंज नव्हता. बुधवारी मी ती लोखंडी फळी घासली, पोचा ठोकून जमेल तेवढा सरळ केला आणि निळा रंग दिला. एक हात नाही, तीन हात. कुठं कोपरा सुटायला नको म्हणून मागचे दिवे उतरवले, जे काही स्क्रू-बोल्ट होते तेही काढले, खाली, मागे, आतल्या अंगाला, सगळीकडे जाड रंग चढवला. वाळल्यावर जसंच्या तसं बसवलं. गेल्या वर्षभरात मी कुठलंच काम एवढ्या मनापासून केलं नव्हतं.

आईनं पोच्यावरून तळवा फिरवला. "दाब," ती म्हणाली.

मी ब्रेक दाबला.

"डावा पिवळा लागला, जरासा. लाल नाही."

"आता?"

"आता दोन्ही पिवळे. हे असं काय रे करतंय? एकाचं बटण दाबलं की दुसराच ओ देतोय."

दुपारी मी वायरमनच्या घरी गेलो. दुसरा इलाज उरला नव्हता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. मला बघितलं आणि हातातली परात माझ्या तोंडावर घातली. कडेनं लागली, भुवई फुटली. मी उभाच राहिलो, तर तिनं पुन्हा घातली.

"तुझ्या भावानं मारलं ते मारलं, तू धरलंस रे! मेल्या, ह्या माणसानं तुझ्या बापाच्या मयताला खांदा दिलाय! निघ! निघ आधी!"

"वहिनी, उद्या दादा येईल," मी म्हणालो. "दिवे नाही लागले तर येईल. मला फक्त एक विचारू दे."

तिसरा फटका हवेतच थांबला. आतून वायरमनचा आवाज आला, "येऊ दे त्याला."

तो खाटेवर बसला होता. उजव्या हाताला मनगटापासून प्लास्टर, त्यातून दोन बोटांची काळीनिळी टोकं बाहेर आलेली. मी काय काय केलं ते सगळं सांगितलं. अकरा सांधे सोडले हे सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला आठी घातली. "परत नीट बांधलेस का?" एवढंच विचारलं.

"वीज दिव्यापर्यंत येतेय," मी म्हणालो. "तपासली मी. मग लागत का नाही?"

"जायचा रस्ता बघितलास. परतीचा बघितलास?"

मला कळेना.

"अरे गाढवा, वीज बल्बात शिरून तिथंच संपत नाही. तिला बॅटरीकडं परत जायचं असतं. तिची परतीची तार तुझ्या ट्रॉलीचं लोखंडच आहे. ते दार बंद झालं की ती दुसऱ्याच्या घरातून वाट काढते. ब्रेकची वीज पिवळ्या बल्बातून, डाव्याची उजव्यातून. म्हणून हा सगळा तमाशा." त्यानं प्लास्टरचा हात उशीवर टेकवला. "मागच्या फळीला आतून एक बोल्ट आहे. त्याच्याखाली दिव्यांकडून येणाऱ्या काळ्या तारांचा छल्ला. लोखंड घासून, चकचकीत करून बसवलाय मी. तो बघ. लोखंडाला लोखंड भिडलंय का तेवढं बघ."

तो बोल्ट मला चांगला आठवत होता. त्याच्याखाली नाण्याएवढी जागा घासलेली दिसली होती, रंगाशिवाय चमकत होती. वायरमनच्या हातून तिथला रंग निघाला असेल असं मला वाटलं होतं. मीच तिथं ब्रश दोनदा फिरवला होता.

"काय झालं?" वायरमननं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि उठलो. म्हणजे दुसऱ्यांदा नाही म्हणालो. ह्या वेळी मला माहीत होतं मी काय म्हणतोय ते.

रविवारी दादा सकाळीच बाहेर पडला तेव्हा मी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ट्रॉलीत शिरलो. बोल्ट काढला. छल्ल्याखाली निळा रंग चांगला मुरला होता, नखानं सुटेना. कानशीनं खरवडला. लोखंड दिसेपर्यंत खरवडला, मग पेपरनं घासला, छल्लाही घासला, बोल्ट कसला. पाच मिनिटांचं काम. दोन बोटं, आणि पाच मिनिटांचं काम.

"आई, बघ."

ती मागे जाऊन उभी राहिली. मी ब्रेक दाबला.

"लाल! दोन्ही लाल. चांगले लालभडक." तिचा आवाज चिरकला. "आता डावा. हां. आता उजवा. हां, बरोबर."

मी सीटवर बसून राहिलो. मग खाली उतरलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. दुकानात दादानं विचारलेलं, मी नाही म्हणालेलं, सगळं. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत, जवळही घेतलं नाही. ती घरात गेली.

दादा चार वाजता आला. आल्या आल्या सीटवर चढला आणि मला मागे उभं करून एकेक दिवा लावून बघितला. तोंडावर इतकं समाधान पसरलं की क्षणभर तो अण्णांसारखा दिसला.

"बघितलंस?" तो उतरत म्हणाला. "एक हात ठेचला आणि दिवे लागले. आधीच ठेचला असता तर टेम्पोची भानगडच झाली नसती. कधी येऊन गेला वायरमन?"

मला वाटलं, झालं, वायरमनचा दुसरा हात वाचला. आता तोंड उघडायची गरजच काय? असं मला खरंच वाटलं, दोन-तीन श्वास तरी.

पण दादानं ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना काढला. "चल. त्याला चौकात उभा करू. मुद्दाम बिघडवलं होतं हे सगळ्यांसमोर बोलायला लावतो."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर दुसरा हात आहेच की."

"दादा, मी बिघडवलं," मी म्हणालो. "बोल्टाखाली रंग मीच दिला. त्यानं काही केलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो."

त्याला कळायला वेळ लागला. मग पहिली मूठ तोंडावर बसली आणि दात ओठात घुसला. मी पडलो तर त्यानं लाथा घातल्या, बरगडीत, पाठीत, मांडीवर. वारा सुटलेलाच होता, सगळं अंगण मातीनं भरलं होतं, आणि तो मला लाथा मारता मारता स्वतःच खोकत होता. "तू! तू!" एवढंच म्हणत होता. मग कॉलर धरून त्यानं मला फरफटत ट्रॉलीच्या मागे नेलं.

"कुठल्या हातानं रंगवलंस?"

मी उजवा हात पुढे केला. त्यानं तो फळीच्या वरच्या कडेवर दाबून धरला आणि पाना वर नेला. मी हात मागे ओढला नाही. शूर होतो म्हणून नाही, माझं चड्डीत व्हायचं तेवढं राहिलं होतं. पण दोन दिवसांपूर्वी दुसऱ्याला मी हात ओढू दिला नव्हता, आता माझाच कसा ओढणार होतो?

तेवढ्यात माझ्या हातावर दुसरा हात आला. आईचा. तिनं तळवा माझ्या बोटांवर पसरला.

"फळी रंगव असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. "आधी हा फोड."

"आई, बाजूला हो."

"फोड ना. तार जोडणाऱ्याचा फोडलास, रंग देणाऱ्याचा फोडतोयस. आणि दिवे नसताना त्या दिवशी गाडी कुणी काढली रे? ते दोन महिने सांगत होते, कुणी ऐकलं नाही? त्याचा हात कुणी फोडायचा? मी फोडू?"

वर्षभरात हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. दादाचा चेहरा पांढरा पडला. पाना खाली आला, पण हातावर नाही, फळीवर आला. मग पुन्हा आला. पुन्हा आला. माझ्या निळ्या रंगाचे टवके उडत होते, खालचा पोचा पुन्हा उघडा पडला, डाव्या दिव्याची काच फुटून तुकडे आईच्या पायापाशी सांडले, तरी तो मारतच होता. आम्ही दोघं मागे सरलो. शेवटी पाना त्याच्या हातातून निसटला आणि तो तिथंच मातीत बसला, गुडघ्यांत डोकं घालून. वयाची चाळिशी गाठलेला माणूस, पण रडताना त्याला आवाज दाबता येईना. आई त्याच्याजवळ गेली नाही. बसली, पण चार हात अंतरावर.

सोमवारी ट्रॉली गेली नाही. मी वायरमनच्या शेडवर गेलो. त्याच्या बायकोच्या समोर, पंक्चरवाल्याच्या समोर, मी दुकानात काय बोललो होतो आणि खरं काय होतं ते सांगितलं. वायरमन ऐकत होता. "मला शनिवारीच कळलं होतं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघून." मग त्यानं बाकाकडे बघितलं. "चार कामं पडून आहेत. माझ्यानं पक्कडसुद्धा धरवत नाही. उद्या सकाळी ये."

पहिलं काम आमचंच केलं. दादा ट्रॉली घेऊन आला, शेडपासून लांब उभी केली आणि सीटवरून उतरला नाही. वायरमननं त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त फुटलेल्या दिव्यापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ब्रेक दाब." दादानं दाबला. "सोड." सोडला. एवढंच बोलणं झालं त्यांचं, आणि त्यानंतर आजवर काही झालेलं नाही.

प्लास्टर निघालं, पण दोन बोटं मिटत नाहीत. मिटणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणतो. म्हणून मी अजून जातो. तो स्टुलावर बसून सांगतो, मी तारा सोलतो, पीळ भरतो, नळी चढवतो, वर दोऱ्याची गाठ मारतो. त्याची बायको त्याला चहा देते, मला देत नाही. आणि परतीच्या तारेचा बोल्ट बसवायची वेळ आली की तो दर वेळी विचारतो.

"खरवडलंस का?"

"खरवडलं."

"सरक."

मग तो चष्मा सावरत गाडीखाली वाकतो आणि डाव्या हाताचं बोट त्या जागेवर फिरवून बघतो, लोखंड लागेपर्यंत. माझ्या शब्दावर त्याचा एक हात गेलाय, आता तो दुसरा घालत नाही.

"हां," तो म्हणतो. "आता कस."